सोडून दिलेला मासा

गेल्या काही वर्षांत आमच्या मालवणच्या बाजूस एका नव्या तऱ्हेच्या पाहुण्यांची ये-जा सुरू झाली आहे. किल्ला पाहावयास, समुद्रस्नान करावयास अथवा नुसते पोटभर जेवावयास येणारे लोक पूर्वीही येत आणि आजही येतात. त्यांच्याविषयी आम्हांस येथे काही म्हणावयाचे नाही. ही नवी मंडळी समुद्राकडे पाठ फिरवून डोंगराची वाट धरते. पाठीवर तंबू, शिधा आणि अंथरूण-पांघरूण यांचा बोजा, पायांत भक्कम जोडे, आणि हातात परदेशी बनावटीची, चकचकीत, घडी घालता येणारी गळाची दांडी, अशा थाटात ती पायी निघते. डोंगरांच्या कुशीतल्या एखाद्या तलावाच्या नाहीतर नदीच्या कोंडीच्या काठी रात्र काढते. पहाटे गळ टाकते. मासा लागला म्हणजे त्यास हातांत धरून छायाचित्र घेते. आणि मग मोठ्या काळजीने, तान्ह्या मुलास पाळण्यात ठेवावे तसा, तो पाण्यात परत सोडून देते.

ज्या गावी सकाळी बंदरावर गेले असता बांगडा, सुरमई, पेडवे यांच्या टोपल्या नजरेसमोर उतरतात, त्या गावातून मासे धरण्यासाठी डोंगर चढणे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे म्हणून आमच्याकडची वडीलधारी माणसे या प्रकारास हसतात. परंतु नुसते हसून सोडून द्यावी अशी ही गोष्ट आम्हांस वाटत नाही. या तरुणांपैकी पुष्कळ जण सुशिक्षित आहेत, सुस्वभावी आहेत, आणि रानाविषयी व पाण्याविषयी त्यांना वाटणारी आस्था खोटी नाही. त्यांच्यात आमचे काही विद्यार्थीही आहेत. त्यांतील एकाने आम्हांस एकदा सरळच विचारले, “सर, आम्ही मासा मारीत नाही, धरतो आणि सोडतो. तुमच्या घरी सोमवार आणि श्रावण सोडला तर रोज मासे शिजतात. मग आमच्यात आणि तुमच्यात अधिक निर्दोष कोण?” प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, आणि गैरलागू तर मुळीच नव्हता. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम आमच्या बाजूचा विचार करू. मालवणच्या किनाऱ्यावरची रापण ज्याने एकदा लक्ष देऊन पाहिली असेल, त्यास मासेमारी हा मुळातच क्रूरपणाचा व्यवहार आहे असे म्हणवणार नाही. होडी जाळे सोडीत सोडीत समुद्रात अर्धवर्तुळ घेते, जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात, आणि मग बायाबापड्या, म्हातारेकोतारे, पोरेसोरे, सारी मिळून ते ओढीत राहतात. मासळी वाळूवर आली की तिचे वाटे पडतात. वाटेने जाता जाता ज्याने घटकाभर दोराला हात लावला असेल, त्याच्याही पदरात काही टाकावयाचे, अशी ही जुनी रीत. (यांत्रिक नौका आणि पर्ससीनची जाळी यांच्या माऱ्याखाली ही रापण कशी रोडावत गेली, हा एक स्वतंत्र आणि कडू विषय आहे, त्यात येथे शिरत नाही.) वाळूवर तडफडणारी मासळी पाहून परगावचा एखादा कोमल मनाचा पाहुणा तोंड फिरवतो, हे आम्ही पाहिले आहे. त्याला दोष देता येत नाही. परंतु त्याच्या ध्यानात एक गोष्ट येत नाही, ती ही, की त्या तडफडण्यात तेथे कोणाचीही करमणूक होत नसते. ओढणाऱ्याचे लक्ष माशाच्या वेदनेकडे नसते हे खरे. पण त्या वेदनेपासून त्याला काही मिळतही नसते. मासे मेलेलेच वर आले असते तरी त्याचा वाटा तेवढाच भरला असता. वेदना हा त्याच्या कामाचा अपरिहार्य भाग आहे, हेतू नव्हे.

हा भेद आम्ही सोयीसाठी काढला आहे असे कोणी म्हणेल, म्हणून त्याचा जुना आधार सांगतो. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेच्या बाजारात मांस विकणाऱ्या व्याधाची कथा आहे. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण त्याच्याकडे धर्म शिकावयास जातो, आणि प्रथम त्याचा धंदा पाहूनच त्याला किळस येते. तेव्हा तो व्याध त्यास जे सांगतो, त्याचे तात्पर्य असे, की नांगर धरणारा शेतकरी जमिनीतील असंख्य जीव मारतो, चालणारा मनुष्य पायाखाली जीव चिरडतो, धान्याच्या दाण्यातही जीव आहे; तेव्हा हिंसेतून सर्वस्वी सुटलेला असा कोणी शोधू गेल्यास तो सापडावयाचा नाही. व्याध आपल्या धंद्याची तरफदारी करतो असे मात्र नाही. तो धंदा घोर आहे हे तो मान्य करतो. आम्हांस त्याच्या बोलण्यातील हाच भाग मोलाचा वाटतो. हिंसा घडली की नाही, हा नीतीचा पहिला प्रश्न असू शकत नाही, कारण त्याचे उत्तर नेहमी एकच येणार. ती कशापायी घडली आणि किती घडली, हे प्रश्न खरे.

आता गरज म्हटली म्हणजे सर्व माफ, असेही आमचे म्हणणे नाही. पावसाळ्याच्या प्रारंभी पहिले मोठे पाणी आले म्हणजे नदीतले मासे अंडी घालण्यासाठी व्हाळांतून, ओढ्यांतून वर शेतांकडे चढतात. यांस आमच्याकडे चढणीचे मासे म्हणतात. ते धरावयास रात्री-अपरात्री कंदील आणि विजेऱ्या घेऊन सारा गाव लोटतो. अंड्यांनी फुगलेला मासा रुचकर लागतो हे त्याचे दुर्दैव. एका रात्रीत जे पोटात जाते त्यात पुढच्या कित्येक वर्षांची मासळी असते, हे धरणाऱ्यास ठाऊक नसते असे नाही. येथे गरजेचे नाव घेऊन हावच पुढे झालेली असते. नदीत सुरुंग उडविणे अथवा विष कालविणे याविरुद्ध या देशात १८९७ साली कायदा झाला, आणि तरीही आडवाटेच्या कोंडींत ते प्रकार चालतात. करणारे बहुधा जवळपासचेच असतात. तेव्हा शहरचा पाहुणा तेवढा पापी आणि गावकरी तेवढा पुण्यवान, अशी वाटणी करून टाकणाऱ्या लेखकांत आमची गणना होऊ नये.

समुद्रावर मात्र या हावेस रीतीने बांध घातला होता. नारळी पौर्णिमेस सागराला नारळ अर्पण केल्याखेरीज होडी पाण्यात घालावयाची नाही, हा कोळी-गाबितांचा परिपाठ. आज सरकारच्या हुकुमाने १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांस बंदी असते, ती त्याच परिपाठाची धाकटी बहीण होय. त्याहीपूर्वी पुष्कळ शतके सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकास सव्वीस वर्षे झाल्यावर, ठराविक तिथींना मासे मारू नयेत आणि विकूही नयेत असे फर्मान काढले. विकूही नयेत, हा शब्द चतुर राजाचा आहे. खाणाऱ्याचा हात बाजारात असतो, हे त्याने ओळखले होते.

एवढे झाले पोटासाठी धरण्याविषयी. परंतु मौजेसाठी मासा धरणे ही विलायतेहून आलेली चाल आहे असा जो समज आमच्या पिढीच्या पुष्कळ सद्गृहस्थांत आहे, तो खरा नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ नावाचा जो प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला, त्यात राजाने आपले मन कसे रमवावे हे सांगताना त्याने मत्स्यविनोद म्हणून एक प्रकरणच घातले आहे. माशांच्या जाती, त्यांस आवडणारे आमिष, त्यांना चारून पोसण्याची रीत, गळ आणि दोरी, सर्व काही त्यात आहे. म्हणजे दख्खनच्या एका राजाने गळाचे शास्त्र लिहिले ते आयझाक वॉल्टनचा प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ १६५३ साली निघण्यापूर्वी पाचशे वर्षे. आम्हांस कौतुक वाटते ते त्याच्या नामकरणाचे. त्याने यास व्रत म्हटले नाही, व्यायाम म्हटले नाही, निसर्गोपासना म्हटले नाही, विनोद म्हटले. करमणुकीस करमणूक म्हणण्याचा प्रामाणिकपणा त्याच्यापाशी होता.

वॉल्टनचे तसे नाही. शांत स्वभाव, सत्संगती, झऱ्याकाठचे चिंतन, यांच्या वर्णनात त्याचा गळ असा काही गुरफटून जातो की त्याच्या टोकास अणकुचीदार लोखंड आहे, हे वाचकाच्या ध्यानात राहत नाही. पुढे कवी बायरनने आपल्या काव्यात त्या सौम्य म्हाताऱ्यावर जो कडक हल्ला चढविला, तो थोडा अतिरेकी असला तरी त्याच्या मुळाशी हीच चीड होती. आमच्या विद्यार्थ्यांची मंडळी, तिने वॉल्टनचे नावही ऐकलेले नसले तरी, त्याच घराण्यातील आहे. त्यांच्या बोलण्यात पहाट येते, धुके येते, मौन येते. लोखंड येत नाही.

आणि आता तर त्यांस एक नवे, वॉल्टनलाही न सुचलेले कवच मिळाले आहे, ते म्हणजे सोडून देणे. वॉल्टन निदान धरलेला मासा शिजवून खात असे. ही मंडळी सोडते, आणि सोडण्यात दया आहे असे मानते. येथे मासा जगतो ना? मग तुमची तक्रार काय?

या मुद्द्याचे बळ आम्ही कमी लेखीत नाही. माशास वाचा फुटली आणि “तुला तळून खाऊ की ओठास भोक पाडून सोडून देऊ?” असे त्यास विचारले, तर तो काय उत्तर देईल हे सांगावयास तत्त्वज्ञ नको. तेव्हा खाण्याशी तुलना केली तर सोडणे चांगले, हे निर्विवाद. परंतु तुलना कोणाशी करावयाची, यातच सारी मेख आहे. जो मनुष्य मुळात खाण्यासाठी निघालेलाच नाही, ज्याच्या पाठीवरच्या बोजात दोन दिवस पुरेल एवढा शिधा आहे, त्याच्यापुढे मासा खावा की सोडावा हा प्रश्न कधीच नव्हता. त्याच्यापुढे प्रश्न होता तो गळ टाकावा की न टाकावा, हा. आणि त्या तुलनेत मासा काय उत्तर देईल, तेही सांगावयास तत्त्वज्ञ नको. कोणी वाटसरूस धक्का मारून विहिरीत पाडावे, मग दोर टाकून वर काढावे, आणि त्याचा जीव वाचविल्याबद्दल स्वतःचे अभिनंदन करावे, त्यातला हा प्रकार आहे.

माशास दुखतच नाही, असे म्हणून यातून सुटता येईल काय? तसे मानणारे शास्त्रज्ञ आहेत. माशाच्या मेंदूत आमच्यासारखे बाह्यपटल नाही, म्हणून त्याची तडफड ही केवळ यांत्रिक प्रतिक्रिया होय, असे त्यांचे प्रतिपादन. उलटपक्षी २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांचे सहकारी यांनी ट्राउट जातीच्या माशांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. त्या माशांच्या ओठांत मधमाशीचे विष अथवा आम्ल टोचले असता त्यांचा श्वास जलद झाला, त्यांनी खाणे सोडले, आणि आम्ल टोचलेल्यांपैकी काही तर तळच्या वाळूखड्यांवर ओठ घासू लागले. वेदना जाणणारे मज्जातंतूही त्यांच्या तोंडाभोवती आढळले. वाद अद्याप मिटलेला नाही. परंतु ओठ घासणाऱ्या माशास दुखत नसेल अशी केवळ शक्यता असताना, निव्वळ आपल्या मौजेसाठी त्या शक्यतेवर पैज लावणे कोणत्या न्यायात बसते? पोटासाठी मनुष्य संशयाचा फायदा घेतो, त्यास आपण क्षमा करू. खेळासाठी घेऊ नये. स्वित्झर्लंडने २००८ सालच्या आपल्या प्राणिरक्षणाच्या नियमांत, परत सोडण्याच्याच हेतूने गळ टाकणे निषिद्ध ठरविले. धरावयाचा तर खाण्यासाठी धरा, असा त्याचा अर्थ होतो. पहिल्याने ऐकणारास हा नियम उलटा वाटतो, मारणाऱ्यास मोकळीक आणि सोडणाऱ्यास शिक्षा! आम्हांस तो अगदी सरळ वाटतो.

याचे कारण वर रापणीच्या प्रसंगी आलेच आहे. रापणीत वेदना हा अपरिहार्य भाग असतो. या खेळात ती आनंदाचे मूळ होऊन बसते. दांडी वाकते, दोर सळसळतो, मासा उसळतो, पळतो, पुन्हा ओढला जातो. ज्यास हे लोक झुंज म्हणतात आणि जीत खरी रंगत आहे असे सांगतात, ती झुंज एका बाजूने जिवाची आहे आणि दुसऱ्या बाजूने विरंगुळ्याची. मासा निमूटपणे गळास लागून बाहेर येऊ लागला, तर यांतील निम्मे लोक दुसऱ्या दिवशी दांड्या विकून टाकतील. जी गोष्ट समोरच्या जीवाच्या धडपडीखेरीज बेचव होते, तिला दयेचे नाव देता येत नाही.

इतके बोलल्यावर दुसरी बाजूही बोलली पाहिजे, नाहीतर हे वकिली भाषण होईल. गळ टाकून बसणाऱ्यास पाणी जसे दिसते, तसे ते आमच्यासारख्या काठाने फिरणाऱ्यास दिसत नाही. वारा कोणत्या अंगाने आहे, सावली कोठे पडली आहे, पाण्याखालचा खडक कोठे संपतो, बुडबुडा कशाचा, लाट कशाची, हे सर्व तो जाणतो, कारण त्यास त्याची गरज असते. आमचा तो विद्यार्थी म्हणाला, “सर, काही मिळण्याची आशा नसली की माणूस दहा मिनिटांत कंटाळतो. गळ असला की पाच तास बसतो.” हे मनुष्यस्वभावाचे निदान अचूक आहे. निर्हेतुक अवधान ही योग्यांची गोष्ट. सामान्य मनुष्यास कशाचे तरी आमिष लागते, आणि गळाच्या टोकाचे आमिष माशाइतकेच धरणाऱ्यासाठीही असते.

शिवाय ऋणही आहे. आमच्या नद्यांतील महसीर या राजबिंड्या माशाची काळजी प्रथम ज्यांनी वाहिली, त्यांत गळाचे शौकीन पुढे होते. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ साली हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर जो ग्रंथ लिहिला, तो शौकिनाचाच ग्रंथ. पण नद्यांतील मासळीची बेसुमार नासाडी त्याच्या डोळ्यांत सलली होती. धरणांनी आणि मैल्याने महसीर हटत चालला, तेव्हा लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीच्या तलावावर १९७० च्या दशकात मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाने त्याची कृत्रिम पैदास करण्याचे काम उभे राहिले, आणि तेथली पिल्ले नंतर दूरदूरच्या पाण्यांत सोडण्यात आली. ज्यास माशात गोडी नाही, तो मासा नाहीसा झाल्याचे त्यास कळतही नाही. आमच्यासारखे शुद्ध विचार करणारे लोक नदीसाठी काय करतात, असे त्या मंडळीने उलट विचारले तर खाली पाहावे लागेल.

तरीही ऋणाने गुन्हा फिटत नाही. वाघांच्या संरक्षणाची भाषा बोलणाऱ्यांत एके काळचे शिकारी पुष्कळ होते, पण त्यांनी बंदूक खाली ठेविली तेव्हाच त्यांच्या बोलण्यास वजन आले.

आमच्या जिल्ह्यात ही मंडळी ज्या पाण्याकडे विशेष ओढली जाते, ते धामापूरचे. मालवण तालुक्यात कुडाळच्या वाटेवर, दोन डोंगरांच्या मध्ये बांध घालून विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली हा तलाव केला. काठी भगवतीचे देऊळ आहे. भोवताली गर्द झाडी. आणि पाणी असे, की झाडीचा हिरवा रंग त्यात उतरून ते हिरवेच दिसते. जलसिंचनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०२० साली या तलावाची जागतिक वारसा म्हणून नोंद केली. परंतु गावकऱ्यांस त्याची जी थोरवी वाटते ती निराळीच. पूर्वी गोरगरिबाच्या घरी लग्न निघाले म्हणजे फुलांचे दागिने करून ते परडीत घालून देवीस प्रार्थना करीत तलावाकाठी ठेवावयाचे, आणि तेवढेच सोन्याचे दागिने पाण्यातून वर यावयाचे. कार्य उरकले की ते परत करावयाचे. पुढे कोणी एकाने ते परत केले नाहीत, आणि तेव्हापासून दागिने येणे बंद झाले. अशा कथा महाराष्ट्रात इतर तळ्यांच्याही सांगतात. म्हणून त्या खोट्या ठरत नाहीत, उलट लोकांच्या मनात एखादी गोष्ट किती खोल बसली आहे हे त्यावरून समजते. पाण्यापाशी मागावे, पण गरजेपुरते मागावे.

ही कथा त्या विद्यार्थ्याने आमच्यावरच उलटविली. “आम्हीही परत करतो, सर.” उत्तर हजरजबाबी होते, परंतु दागिना परत जाई तो जसा आला तसा. शिवाय तो नेण्यास निकड होती, मुलगी बोहल्यावर उभी होती. याच तलावाच्या परिसरात एकदा संध्याकाळी एक म्हातारा गावकरी बांबूच्या काठीला दोरी बांधून बसला होता. शेजारी या नव्या मंडळींपैकी कोणी एकाने चांगला हातभर मासा काढला, मोजला, चित्र काढले आणि सोडून दिला. म्हाताऱ्याने तो सारा सोहळा स्वस्थपणे पाहिला, आणि शेवटी एवढेच विचारले, “खावचो नाय, तर धरलंस कित्याक?” आमच्या महाविद्यालयातील नीतिशास्त्राच्या वर्गात याहून नेमका प्रश्न विचारला गेल्याचे आम्हांस स्मरत नाही. म्हाताऱ्याच्या पिशवीत तोवर तीन बोटभर मासे पडले होते; घरी कालवणापुरते झाले असे म्हणून, अजून उजेड असताना, तो उठून गेला.

यावरून विद्यार्थ्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो. अधिक निर्दोष कोण? त्या म्हाताऱ्याचा क्रम पहिला, यात आम्हांस शंका नाही. दुसरा क्रम मात्र आम्ही स्वतःकडे घेत नाही. आम्ही मध्यमवर्गीय मत्स्याहारी लोक मासळी बाजारातून आणतो; ती आमच्या हाती येते तेव्हा तिची तडफड केव्हाच संपलेली असते, आणि पुष्कळ घरांत तर ती साफ करण्याचे कामही कोळीणच करून देते. जीव घेणारा कोणी दुसरा, रक्त पुसणारा तिसरा, आणि कोकम घातलेले तिखले ओरपणारे आम्ही. मिथिलेच्या व्याधालाही आपण स्वतः मारीत नाही, दुसऱ्याने मारलेले विकतो, असे सांगावेसे वाटले, यावरून ही पळवाट किती जुनी आहे ते दिसते. ज्या तरुणाने बोजा पाठीवर घेऊन डोंगर तुडविला, पाच तास बसून एक मासा धरला, स्वतःच्या हाताने मारला, काठी चूल मांडून भाजला आणि मित्रांबरोबर खाल्ला, तो आम्हांपेक्षा अधिक प्रामाणिक मांसाहारी होय. आपल्या जेवणाची किंमत त्याने डोळ्यांनी पाहिली. अशास आम्ही गळ टाकू नकोस असे सांगणार नाही. फार तर तलावाचा ठेका कोणाकडे आहे त्यास विचारून टाक, आणि अंड्यांच्या दिवसांत टाकू नकोस, एवढे सांगू.

आणि ज्यास खावयाचेच नाही, त्याने काय करावे? डोंगर चढावा, तंबू ठोकावा, पहाटे उठून पाण्याकाठी बसावे. दांडी घरी ठेवावी. दहा मिनिटांत कंटाळा येईल हे खरे. तो येऊ द्यावा. कंटाळ्याच्या पलीकडे काय आहे हे ज्याने कधी पाहिले नाही, त्यास निसर्गाविषयी बोलण्याची घाई का असावी, हे आम्हांस कळत नाही.

देवाच्या नावाने राखलेल्या पाण्यांत असे नुसते पाहणे शतकानुशतके चालत आले आहे. महाडजवळ काळ नदीच्या वाळण कोंडीत वरदायिनी देवीचे म्हणून जे महसीर मासे राखलेले आहेत, त्यांस भाविक लोक चुरमुरे आणि लाह्या टाकतात. हातभर लांबीचे मासे काठाशी येतात आणि कोणी त्यांच्या वाटेस जात नाही. श्रद्धा भोळी असेल. मासे मात्र खरे आहेत, आणि वरखाली उरलेल्या नदीत तसे दिसत नाहीत.

आमच्या जिल्ह्यात याहून नवलाची गोष्ट आंबोलीस घडली. घाटमाथ्यावर हिरण्यकेशी नदीचा उगम आहे. तेथून निघालेले पाणी, सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिम समुद्र इतका जवळ असताना, पूर्वेकडे वळते आणि घटप्रभेतून, कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरास जाऊन मिळते. उगमापाशी महादेवाचे स्थान आणि कुंड आहे. त्या कुंडावर पिढ्यान्‌पिढ्या लोक आले, पाय धुतले, तीर्थ घेतले. त्याच पाण्यात बोटाएवढा एक मासा होता, आणि तो जगात कोणत्याही ग्रंथात नोंदलेला नव्हता. २०२० साली संशोधकांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि नदीच्याच नावावरून त्यास ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे नाव दिले. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केली. या माशात खाण्याजोगे काही नाही, झुंज देण्याजोगेही काही नाही. गळाच्या शौकिनाने त्यास आमिष म्हणूनसुद्धा दुसऱ्यांदा पाहिले नसते. तो ओळखावयाचा तर त्याच्या अंगावरचे पट्टे मोजावे लागतात, आणि त्याकरिता पाण्यावर ओणवे होऊन, पाणी निवळेपर्यंत, हात न घालता थांबावे लागते.

संशोधकांनाही त्याचे काही नमुने धरावे लागले, हे येथे सांगितलेच पाहिजे. धरल्यावाचून शास्त्रात नाव देता येत नाही. ते मासे परत सोडले गेले नाहीत. कुंडात उरलेल्यांवर मात्र त्यानंतर पहारा बसला.